जास्त झाल्या तर निघून जातात

६ जानेवारी

धाकटे,

पार्सल पोचलं. बाटली एक, पत्र एक आणि कापूस इतका की त्यातून उशी भरता येईल, असं तुझी वहिनी म्हणते. तू काम करतेस ते दुकान औषधांचं आहे की गाद्यांचं, असंही तिने विचारायला सांगितलंय. पत्र मात्र पार्सलात टाकत जा. फोनवर आपण दोघंही 'बाकी काय' च्या पुढे जात नाही, आणि 'बाकी' मध्येच तर सगळं असतं.

पायांच्या मुंग्यांचं विचारलंस. दिवसभर त्या जिन्याखालच्या खोपटात मशीनसमोर उभं राहून किल्ल्या कापायच्या, म्हणजे पाय कुरकुरणारच. संध्याकाळी तळपायात वाळू भरल्यासारखं वाटतं. महिनाभर रोज सकाळी तुझी एक गोळी घेतोय. फरक आहे असं वहिनी म्हणते, नाही असं पाय म्हणतात. दोन घेतल्या तर चालतील का?

कालची गंमत सांगतो. एका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ जुनं लोखंडी कपाट घेऊन बसले होते. चावी हरवून नऊ वर्षं झाली. मी तार आत घातली, ताण दिला आणि नेहमीसारखे डोळे मिटले. त्यांना वाटलं, मी प्रार्थना करतोय. अगं, कुलुपाच्या आतलं डोळ्यांना दिसत नाही, मग ते उघडे ठेवून उपयोग काय? एकेक पिन जागेवर बसली की बोटाच्या टोकाला कळतं, कोणी एक केस ओढावा तेवढंच. पाच पिना, चार मिनिटं. कपाटात काय निघालं माहीत आहे? दुसऱ्या कपाटाची चावी.

तब्येत सांभाळ. उत्तर पाठव.

तुझा दादा

२० जानेवारी

दादा,

'नाही असं पाय म्हणतात' हे वाचून मी काउंटरवर एकटीच हसले. समोरच्या बाईंना वाटलं, मी त्यांच्या खोकल्याला हसतेय. त्या रागावून गेल्या. त्यांचा राग तुझ्या नावावर लिहून ठेवलाय.

दोन घे. तीन घेतल्यास तरी हरकत नाही. हे बी-सहा आहे, नसांना बळ देणारं जीवनसत्त्व. पाण्यात विरघळणारं आहे, शरीर हवं तेवढं ठेवून घेतं. जास्त झाल्या तर लघवीतून निघून जातात. काळजीचं काही नाही. पंधरा वर्षं या काउंटरमागे उभी आहे, जीवनसत्त्वाने कोणाचं वाईट झालेलं पाहिलं नाही. डॉक्टरकडे जाऊन रांगेत उभा राहू नकोस, पाय आणखी दुखतील. घरात एक औषधवाली आहे ती कशाला?

आणि ती आहे तुझ्यामुळेच. आईबाबा गेल्यावर तू लोकांची कुलपं उघडून मला शिकवलंस, हे मी बोलून दाखवत नाही, कारण बोलायला लागले की तू दुसराच विषय काढतोस. तेव्हा निदान माझ्या गोळ्या तरी मुकाट्याने घे. तीन बाटल्या पाठवतेय.

वहिनीला सांग, या खेपेला कापूस कमी घातलाय.

तुझी धाकटी

१८ मे

धाकटे,

अक्षर पाहून घाबरू नकोस. पेन बोटांत आहे की नाही हे आता बघूनच कळतं, त्यामुळे अक्षर मोठं निघतंय. पहिलीतलं पोर झालोय मी.

मागच्या दोन पत्रांत हे लिहिलं नाही, ती माझी चूक. आता लिहितो. गेल्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई न्हाणीघरात अडकल्या. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. आतून कुलूप बसलं, चावी आतच फरशीवर पडली आणि त्यांना वाकता येईना. मला बोलावलं. साधं कुलूप होतं, मी झोपेत उघडलं असतं. तार घातली, डोळे मिटले. काही नाही. बोटाला काही कळेचना. तार हातात आहे की खाली पडली तेही कळेना, म्हणून डोळे उघडले, तर तार हातातच होती. वीस मिनिटं मी त्या दाराशी गुडघे टेकून बसलो. आतून बाई विचारतायत, 'आला का हो किल्लीवाला?' आणि मी म्हणतोय, 'आलोय बाई, आलोय.' शेवटी शेजाऱ्याने पहार आणली आणि दार फोडलं. बाई बऱ्या आहेत. मी तोंड वर करून त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

मग वहिनीने मला ओढत डॉक्टरकडे नेलं. नसांची डॉक्टरीणबाई आहे, लहानखुरी, हसरी. मला डोळे मिटायला लावले आणि तळहातावर काहीतरी ठेवलं. म्हणाली, 'ओळखा.' मी म्हटलं, 'तुम्ही अजून काही ठेवलंच नाही.' डोळे उघडले तर चावी. माझ्याच दुकानाची, वहिनीच्या पर्समधून घेतलेली. धाकटे, त्या वेळी माझं काय झालं ते मला लिहिता येत नाही.

पुढे तिने पाय जुळवून उभं केलं आणि परत डोळे मिटायला लावले. मी थेट तिच्या टेबलावर आडवा. हात पुढे धरून डोळे मिटले तर बोटं आपली आपण वळवळत होती, असं वहिनी सांगते, मला त्याचा पत्ताच नाही. कागदावर बाईने जी नावं लिहिली ती उतरवून पाठवतो, अर्थ सांग. पॅरेस्थेशिया. सेन्सरी अ‍ॅटॅक्सिया. रोम्बर्ग पॉझिटिव्ह. स्यूडोअथेटोसिस. अ‍ॅस्टेरिओग्नोसिस. पॉझिटिव्ह म्हणजे काहीतरी चांगलं असणार, असं वहिनीने धरून ठेवलंय. मी तिचा समज मोडला नाही.

साखर तपासली, ठीक आहे. दारू पिता का विचारलं, वहिनी हसली. औषधं कुठली चालू आहेत विचारलं, मी म्हटलं काही नाही. तुझ्या गोळ्या चालू आहेत, पण ते थोडंच औषध, ते तर आपल्या घरचं. आता पाच घेतो. सकाळी दोन, दुपारी एक, रात्री दोन. तेवढाच आधार वाटतो.

तुझा दादा

२ जून

दादा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. हे आधी का नाही कळवलंस, यावर भांडण भेटल्यावर.

आता नावं. डॉक्टर लोक साध्या गोष्टीला अवघड नाव देतात, म्हणजे माणूस घाबरून गप्प बसतो. पॅरेस्थेशिया म्हणजे मुंग्या, बस. अ‍ॅटॅक्सिया म्हणजे हालचालीतला ताळमेळ जाणं. त्यात 'सेन्सरी' लावलं की दोष स्नायूंचा नाही, निरोप पोचवणाऱ्या नसांचा. पाय कुठे आहे हे पाय मेंदूला सांगत नाही, म्हणून मेंदू डोळ्यांना विचारतो. डोळे मिटले की सांगणारं कोणीच उरत नाही आणि माणूस पडतो, त्याला रोम्बर्ग पॉझिटिव्ह म्हणतात. वहिनीचा समज मोडू नकोस. स्यूडोअथेटोसिस म्हणजे त्याच कारणाने बोटं आपली आपण हलणं. आणि शेवटचं, हातातली वस्तू न बघता ओळखता न येणं.

यातलं एकही नाव रोगाचं नाही, सगळी लक्षणांची आहेत. कारण सापडलं की उपाय सापडतो. तुझ्या हातांत जोर तसाच आहे ना? मग घाबरायचं कारण नाही.

तपासण्या सगळ्या करून घे. आणि गोळ्या चुकवू नकोस. नसांना आत्ता त्यांची सगळ्यात जास्त गरज आहे. आणखी दोन बाटल्या पाठवतेय.

तुझी धाकटी

११ जुलै

दादा,

तुझं पत्र नाही. बरा आहेस ना?

गोळ्या सध्या बंद कर. कंपनी बदलली आहे आणि नवीन माल चांगला नाही असं ऐकलं. उरलेल्याही घेऊ नकोस, जुन्या झाल्या असतील. नक्की बंद कर.

इकडे काम फार आहे. सविस्तर नंतर लिहिते. वहिनीला नमस्कार.

धाकटी

२ ऑगस्ट

धाकटे,

गेला दीड महिना वाईट गेला, म्हणून लिहिलं नाही. तोंडावर साबण लावून डोळे मिटले की पडतो, म्हणून वहिनी मागे उभी राहून सदरा धरते. तोंड धुताना बायकोने मागून धरून ठेवलेला नवरा मी तरी आजवर पाहिला नव्हता. शर्टाची बटणं तीच लावते. चालताना पायांकडे बघावं लागतं, त्यामुळे समोरून कोण येतंय ते दिसत नाही. लोकांना वाटतं, किल्लीवाला हल्ली ओळख देत नाही.

दुकान दुपारपर्यंत उघडतो. मशीनवर किल्ल्या कापता येतात, ते डोळ्यांचं काम आहे. पाटीवर 'कुलूप उघडून मिळेल' अशी एक ओळ होती, ती पुसली. रंग पक्का होता, दोन दिवस लागले.

तू गोळ्या बंद कर म्हणालीस. बाटल्या कपाटात आहेत, बऱ्याच उरल्यात. कंपनीचं नाव तर पहिल्या बाटलीवर आणि शेवटच्या बाटलीवर एकच आहे. कारण नीट लिही. तुझं पत्र आजवर कधी सहा ओळींचं आलेलं नाही.

तुझा दादा

१० ऑगस्ट

दादा,

आधी ते कर, मग पुढचं वाच. कपाटातल्या सगळ्या बाटल्या काढ आणि संडासात ओत. आज, आत्ता. ओतल्यास? आता वाच.

तुझ्या नसांचं जे झालंय ते त्या गोळ्यांनी झालंय. बी-सहा जास्त दिवस जास्त घेतलं तर ते निघून जात नाही. ज्या नसा जाणीव पोचवतात त्यांनाच ते मारतं. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं, तू उतरवून पाठवलेली पाचही नावं त्यातच येतात. मी ती तुला समजावून सांगत होते. पत्र लिहून झाल्यावर त्याच हाताने पार्सल बांधत होते.

मला हे १९ जूनला कळलं. आमच्याकडे खोकी उघडून माल लावायचं काम माझं असतं. नव्या खोक्यातल्या माहितीपत्रकावर इशाऱ्याची नवीन ओळ होती, जाड अक्षरात. ती वाचली आणि मी तिथेच खोक्यावर बसले. दुकानाच्या मालकांनी विचारलं, चक्कर आली का, मी हो म्हटलं. पुस्तकं काढून पाहिली. त्यांत हे कधीपासूनच आहे. मी शिकले तेव्हाही होतं. मी वाचलं नव्हतं, किंवा वाचून विसरले होते, जीवनसत्त्वाचं प्रकरण कोण मन लावून वाचतं?

तोवरचा अपराध अज्ञानाचा म्हणता येईल. त्यानंतरचा नाही. १९ जूनला मला फोन उचलता आला असता. मी उचलला नाही. उद्या लिहू, परवा लिहू, असं करत तीन आठवडे घालवले आणि मग ते सहा ओळींचं खोटं लिहिलं. तेही इतकं गुळमुळीत की तू ऐकलं नाहीस तर दोष तुझा. मला काय वाटत होतं ते खरं सांगते, सांगायला लाज वाटते तरी. मला तुझ्या हातांची भीती नव्हती वाटत, दादा. मला जानेवारीच्या पत्राची भीती वाटत होती. ते तुझ्याकडे आहे आणि त्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, जास्त झाल्या तर निघून जातात. कोणी ते वाचलं तर, एवढंच डोक्यात. तू पडत होतास आणि मी एका कागदाचा विचार करत होते.

परवा तुझं पत्र आलं, तू अजून घेतोयस हे कळलं. त्या तीन आठवड्यांचे आणि पुढच्या चार आठवड्यांचे दिवस मोजले. रोज पाच.

डॉक्टरीणबाईंना लगेच सांग. वहिनीला काय सांगायचं ते तू ठरव. मला काहीही म्हण.

धाकटी

२१ ऑगस्ट

धाकटे,

वहिनी विचारतेय की पत्र वाचून संडासात काय बघायला गेलात. काही नाही, म्हटलं.

गोळ्या मी १० जूनपासून घेत नाही. तुला कळलं त्याच्या नऊ दिवस आधीपासून. दुसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईने वहिनीला सांगितलं होतं की घरातलं तोंडात जाणारं सगळं घेऊन या, चूर्ण, काढे, काय असेल ते. वहिनीने तुझी बाटली पिशवीत टाकली. बाईने ती हातात घेतली, दोन वेळा फिरवून वाचली आणि विचारलं, रोज किती? मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. नंतर म्हणाली, बंद केल्यावरही महिना-दीड महिना आणखी बिघडेल, मग हळूहळू उतरेल. तसंच झालं. मागच्या पत्रात जे लिहिलं ते हे बिघडणं, गोळ्या चालू असल्यामुळे नव्हे. तेव्हा ते दिवस मोजणं बंद कर.

बाईने विचारलं, एवढ्या गोळ्या कोणी सांगितल्या? मी म्हटलं, कोणी नाही, मीच मनाने वाढवल्या. कागदावर तसंच लिहिलंय, 'रुग्णाने स्वतःहून'. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन मी जानेवारीचं पत्र फाडलं. तुझं पत्र आजवर कधी फाडलं नव्हतं.

मग मी तुला कळवायला हवं होतं, आणि ते मी केलं नाही. आधी वाटलं, तुला सांगून काय, जन्मभर स्वतःला खात बसशील. हे खरं आहे, पण निम्मंच. तुझं जुलैचं पत्र आलं तेव्हा मला कळलं की तुला कळलंय. आणि मला राग आला, धाकटे. गोळ्यांचा नाही. गोळ्या तू प्रेमाने दिल्यास आणि मी हावरटासारख्या खाल्ल्या, तू तीन म्हटलंस तर मी पाच केल्या. राग त्या सहा ओळींचा आला. म्हणून मागच्या पत्रात बाटल्या उरल्यात असं लिहिलं, घेत नाही असं लिहिलं नाही. मुद्दाम. म्हटलं, बघू या, हिला कधी बोलवतंय. मोठ्या भावाने करायची गोष्ट नाही ही. तू ज्या दिवसांबद्दल रडत बसली असशील, त्यांतले काही मी तुला दिलेत.

तेव्हा फिटंफाट. पाय वर्षभरात बरेच सुधारतील म्हणतात. बोटांचं सांगता येत नाही. आता हा विषय बंद. पार्सल पाठवत जा, आत नुसतं पत्र आणि कापूस असला तरी चालेल.

तुझा दादा

१२ ऑक्टोबर

दादा,

तू पत्र फाडलंस, डॉक्टरांशी खोटं बोललास, वर फिटंफाट म्हणालास. तू हे सगळं मला वाचवायला केलंस आणि मला तोंड दाखवायला कुठेच जागा ठेवली नाहीस. चोर कबुली द्यायला आला आणि घरमालक म्हणतोय, अहो, ते भांडं मीच तुमच्या पिशवीत टाकलं होतं, तर चोराने जायचं कुठे?

जानेवारीचं पत्र मला पाठ आहे. वेगळ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून सोबत ठेवलंय, खोकल्याच्या बाईंसकट. खाली सही केली आहे आणि मी काय काम करते तेही लिहिलंय. हे डॉक्टरीणबाईंना दे. तू दिलं नाहीस तर मी त्यांच्या पत्त्यावर पाठवेन, पत्ता वहिनीने दिलाय. तिला मी फोन केला होता. ती सगळं ऐकून म्हणाली, 'मला बाटली पिशवीत टाकतानाच शंका आली होती, वन्सं.' एवढंच. मग म्हणाली, 'यांच्या सदऱ्यांना आता काजं-बटणांऐवजी टिचबटणं लावून देते.' तिने फोन ठेवला नाही, मीच ठेवला.

तुझा विषय तू बंद केलास. पण ते वाक्य मी काही तुझ्या एकट्यासाठी बनवलं नव्हतं. काउंटरवर ते मी रोज म्हणत आले. पायाला मुंग्या येतात? या घ्या. दोन घेतल्या तर? घ्या की, जास्त झाल्या तर निघून जातात. लोक हसून बाटली घ्यायचे. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, तुम्ही विकलंत, जबरदस्ती थोडीच केलीत, आणि आता गावभर बोलू नका. मला नावं आठवेनात, म्हणून चेहरे आठवत बसले. जास्त घेतल्या तर चालतील का, असं विचारून बाटली नेलेले तिघे आठवले. दर शनिवारी दुपारी एकेकाचं घर शोधत गेले.

पहिले गृहस्थ गाव सोडून गेलेत, कुठे ते कोणाला माहीत नाही. दुसऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, चव आवडली नाही म्हणून आठवड्यातच सोडल्या. मी त्यांच्या जिन्यात बसून रडले आणि त्यांनी मला पाणी दिलं.

तिसरे बस चालवायचे. आता निवृत्त आहेत. आयुष्यभर गाडीचे पेडल दाबून पाय बधिर झालेत असं त्यांना वाटायचं, आणि मी त्याला मान डोलवायची. दार त्यांच्या मुलीने उघडलं. मागे ते दिसत होते, भिंतीला एक हात लावून, पायांकडे बघत पाऊल टाकणारे. तू लिहिलं होतंस तसं. टेबलावर आमच्या दुकानाची बाटली होती, अर्धी संपलेली. डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलंय, मुलगी म्हणाली. मी कोण आणि कशाला आले ते मी दारातच सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. ती आत गेली, बाटली आणली, माझ्या हातात दिली आणि विचारलं, 'तुम्ही यांना किती सांगितल्या होत्या?' मी म्हटलं, 'कितीही.' ती म्हणाली, 'परत या घराची पायरी चढू नका,' आणि दार लावून घेतलं.

मी बाटली हातात घेऊन तिथेच उभी राहिले. दादा, तुला सांगते, जानेवारीपासून पहिल्यांदा, मी जे केलं त्याला कोणीतरी माफ न करता बरोबर उत्तर दिलं होतं.

धाकटी